नाटक-कादंबरीतील पात्राचा स्वभावप्रकार कसा ठरवावा? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याला नौपाड्यात एका सभासदाच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा वाचनगट भरतो. वाचलेल्या नाटक-कादंबऱ्यांतील पात्रांचा स्वभावप्रकार ठरवणे हा तेथील जुना खेळ आहे. तो आता इतका मनावर घेतला जातो की नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्या दोन बैठकांत तेच ते प्रश्न विचारतो आणि जुन्या सभासदांचा चहा निवतो. म्हणून ही उत्तरे लिहून ठेवली आहेत. ती माझी आहेत. गटातील सर्वांना मान्य आहेत असे नाही, आणि जेथे मतभेद आहे तेथे तसे सांगितले आहे.

पात्राचा स्वभावप्रकार म्हणजे नेमके काय?

पात्र कसे वागते याचे वर्णन म्हणजे प्रकार नव्हे. ते तसे का वागते याविषयी वाचकाने केलेला दावा म्हणजे प्रकार. ‘हा रागीट आहे’ हे वर्णन झाले. ‘याला अन्याय सहन होत नाही म्हणून हा चिडतो’ आणि ‘याला आपला अपमान सहन होत नाही म्हणून हा चिडतो’ हे दोन वेगळे दावे झाले, आणि राग तोच असला तरी त्यांतून दोन वेगळी माणसे उभी राहतात. दावा म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा म्हणजे संहितेतील प्रसंग. पान किंवा प्रवेश दाखवता येत नसेल तर आमच्याकडे तो मुद्दा वहीत घेतला जात नाही.

कोणती पद्धत वापरावी?

तीन पद्धती प्रचारात आहेत. पहिली चार अक्षरांची, म्हणजे एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर). मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मूळ जर्मन ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख या वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन व अंतःप्रेरणा ही मनाची चार कार्ये मांडली. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली आणि चौथी जोडी स्वतःची घातली: निर्णय लावून मोकळे होण्याचा कल की पर्याय उघडे ठेवण्याचा. प्रत्येक जोडीतून एक अक्षर निवडायचे: अंतर्मुख ‘आय’ की बहिर्मुख ‘ई’, संवेदन ‘एस’ की अंतःप्रेरणा ‘एन’, विचार ‘टी’ की भावना ‘एफ’, निर्णय लावणारा ‘जे’ की पर्याय उघडे ठेवणारा ‘पी’. दोन-दोनच्या चार जोड्यांमुळे १६ प्रकार होतात. या दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. इसाबेल यांच्या दोन रहस्यकादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. काल्पनिक माणसांना ही पद्धत इतकी चपखल बसते त्याचे मला त्यामुळे फारसे नवल वाटत नाही.

दुसरी एनिअग्राम. तीत नऊ प्रकार आहेत आणि भर पात्राच्या मुळाशी असलेल्या भीतीवर व इच्छेवर आहे. तिसरी बिग फाइव्ह. तीत प्रकार नाहीतच. नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता या पाच मोजपट्ट्या आहेत. संशोधक हीच पद्धत अधिक विश्वासार्ह मानतात, कारण जिवंत माणसे दोन टोकांना विभागलेली नसतात, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात, आणि चार अक्षरांची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचे एखादे अक्षर बदलते.

आम्ही तरीही चार अक्षरे वापरतो. पात्र हे लेखकाने आधीच निवडून, गाळून, टोकदार केलेले असते. त्याला मधे रेंगाळायला लेखक क्वचितच जागा देतो. शिवाय ‘हा टी की एफ’ या प्रश्नावर वाद घालता येतो, ‘याचा काटेकोरपणा शंभरात किती’ यावर येत नाही.

सुरुवात कोठून करावी?

अक्षरांपासून करू नये. आधी मराठी विशेषणांपासून करावी. बिग फाइव्हचा उगमही शब्दकोशातच आहे: गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी कोशातून माणसाच्या वर्णनाला उपयोगी पडणारे सुमारे १८,००० शब्द वेचले होते. आपल्या भाषेत हे भांडार तितकेच भरलेले आहे. चिवट, हेकट, कद्रू, खवट, उतावळा, सोशीक, भाबडा, बेरकी, सरळमार्गी, चालढकल करणारा, शब्दाला जागणारा. पुस्तक मिटून पात्रासाठी असे पाच शब्द लिहावेत आणि मग प्रत्येक शब्दासमोर तो कोणत्या प्रसंगावरून सुचला ते लिहावे. पाचांपैकी दोन शब्दांना प्रसंग सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. ते दोन शब्द निवेदकाने कानात सांगितलेले असतात, किंवा एखाद्या नटाच्या चेहऱ्यावरून आपण उचललेले असतात.

त्यानंतर वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत: पात्र काय करते, पात्र स्वतःविषयी काय म्हणते, आणि इतर पात्रे त्याच्याविषयी काय म्हणतात. पहिल्या रकान्याचे वजन सर्वांत जास्त धरावे, आणि त्यातही ज्या कृतीसाठी पात्राला काही गमवावे लागले ती कृती अधोरेखित करावी. फुकटात केलेल्या चांगुलपणावरून स्वभाव कळत नाही. दुसऱ्या आणि पहिल्या रकान्यांत विसंगती दिसली तर खोडू नये. बहुधा तेथेच पात्र सापडते.

पात्र कमी बोलते म्हणजे ते अंतर्मुख, असे धरावे का?

धरू नये. सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात, आणि आश्चर्य म्हणजे मराठी वाचकाने तरी त्या करायला नकोत, कारण आपल्याकडे त्यासाठी अर्धा डझन शब्द आहेत. भिडस्त माणसाला ‘नाही’ म्हणवत नाही. तो चारचौघांत गप्प बसतो, पण एकटा पडला की कोमेजतो, म्हणजे तो बहिर्मुखही असू शकतो. लाजाळू माणसाला लोक हवे असतात, फक्त लोकांच्या नजरेचे भय असते. घुम्या माणसाच्या आत काहीतरी धुमसत असते. माणूसघाण्याला लोकांचा कंटाळाच असतो. आतल्या गाठीचा माणूस तर दिवसभर गप्पा मारील, हवे ते सांगणार नाही एवढेच. यांपैकी कोणताही शब्द अंतर्मुख या शब्दाशी तंतोतंत जुळत नाही.

अंतर्मुखतेची कसोटी अशी की पात्र आपला गोंधळ कोठे सोडवते. महाभारतातील दोन धनुर्धर शेजारी ठेवून पाहावेत. अर्जुन दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ थांबवून आपला सगळा गोंधळ बोलून दाखवतो, प्रश्न विचारतो, उत्तर मिळाले की पुन्हा विचारतो. बोलता बोलताच त्याचा विचार होतो. कर्णाला आपल्या जन्माचे रहस्य युद्धाआधीच कळते आणि तो ते पाठीवर वाहत शेवटपर्यंत लढतो. दुर्योधनासारख्या जिवलगालाही सांगत नाही. शब्दसंख्या मोजली तर कर्ण काही मितभाषी नाही, सभेत तो भरपूर आणि पुष्कळदा नको ते बोलतो. तरीही अर्जुन बहिर्मुख आणि कर्ण अंतर्मुख, असे मी म्हणेन.

विचार आणि भावना यांत निवड कशी करावी? भावनाप्रधान म्हणजे रडणारे पात्र का?

नाही. येथे ‘भावना’ हा शब्दच फसवा आहे. प्रश्न असा असतो की निर्णयाच्या क्षणी पात्र कोणता तराजू हातात घेते: कोणालाही लागू पडेल असा नियम व परिणामांचा हिशेब, की या विशिष्ट माणसांशी असलेले आपले नाते. हुंदके दोन्हीकडे असू शकतात.

आमच्याकडे नव्या सभासदांना यासाठी उद्योगपर्वातील एकच प्रसंग वाचायला देतात. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन हस्तिनापुराबाहेर नेतो आणि सांगतो, तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, पांडवांकडे ये, राज्य तुझे होईल. कर्ण नकार देतो. त्या नकाराची कारणे एकेक करून मोजावीत. राधेने मला पाहताच तिला पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, माझे विवाह सूतकुळात झाले, मला मुले-नातवंडे आहेत, आणि दुर्योधनाने माझ्या भरवशावर हे युद्ध अंगावर घेतले आहे. प्रत्येक कारणात एक माणूस आहे. ‘अमुक करणे धर्म्य आहे’ हा नियम मागाहून येतो, आधी माणसे येतात. मग कर्ण कृष्णाला विनंती करतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

हे शेवटचे वाक्य ऐकले की गटातील निम्मे लोक ‘टी’ म्हणून हात वर करतात, कारण तीन माणसे पुढे काय करतील हे त्याने क्षणात मांडले आहे, आणि स्वतःलाही त्या हिशेबातून वगळलेले नाही. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. पुढचे दिसणे ही अंतःप्रेरणेची, म्हणजे ‘एन’ची खूण आहे, लगेच पुढे तो सगळ्या युद्धाला शस्त्रांचा यज्ञ म्हणतो आणि आपला शेवटही त्यात पाहतो, तेव्हा ही खूण आणखी पक्की होते. निर्णयाचा तराजू मात्र नात्यांचाच आहे. हरणार हे दिसत असतानाही ज्या बाजूला आपण कोणाचे तरी देणे लागतो त्या बाजूला उभे राहणारा माणूस माझ्या वहीत ‘एफ’ आहे. हिशेब मांडता येणे आणि हिशेबाप्रमाणे वागणे या दोन गोष्टी आहेत.

गटातील एक निवृत्त बँक अधिकारी हे मानत नाहीत. त्यांच्या मते मित्राचे ऋण हाही एक नियमच आहे आणि कर्ण तो खातेवहीतील नोंदीप्रमाणे पाळतो. पुढे कुंतीला तो अर्जुनाखेरीज तुझ्या इतर पुत्रांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र पाचच राहतील असे वचन देतो, त्याकडेही ते याच पुराव्यादाखल बोट दाखवतात. दोन पावसाळे हा वाद चालू आहे.

कोणता कर्ण? व्यासांचा की ‘मृत्युंजय’मधला?

एका वेळी एकच. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि मराठी वाचकाच्या मनातील कर्ण तेव्हापासून बव्हंशी तिच्यातलाच आहे. त्या कादंबरीत कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे निवेदक आहेत, म्हणजे कर्ण स्वतःविषयी पानेच्या पाने बोलतो, जी सोय व्यासांनी त्याला दिलेली नाही. साहजिकच तेथे दुसरा रकाना पहिल्यावर मात करतो. दोन संहितांतील प्रसंग एका पानावर आणले की दोघांची सरासरी निघते, आणि असा सरासरी कर्ण कोणीच लिहिलेला नाही.

व्यसन, आजार किंवा दुःख यांमुळे बदललेल्या पात्राचा प्रकार कोणता धरावा?

प्रकृती आणि अवस्था वेगळ्या ठेवाव्यात. तलावपाळीवरच्या ज्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव दिले आहे त्यावरून आम्ही रोज जातो, तेव्हा उदाहरणही त्यांचेच घेऊ. ‘एकच प्याला’तील सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयातील प्रकरणात त्याची सनद काही काळासाठी जाते, तळीराम त्याला पहिला प्याला देतो आणि पुढची पडझड सर्वांना ठाऊक आहे. (गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले, नाटक रंगभूमीवर आलेले त्यांनी पाहिले नाही.) दारूच्या अमलातील सुधाकर संशयी, क्रूर आणि बेजबाबदार आहे. त्या प्रवेशांवरून प्रकार काढला तर तो कोणत्याही दारुड्याचा प्रकार निघतो, सुधाकराचा निघत नाही.

त्यासाठी पहिल्या प्याल्याच्या आधीचा सुधाकर आणि शुद्धीवर आल्याच्या क्षणांतील सुधाकर शेजारी मांडावेत आणि दोन्हींत जे टिकून आहे तेवढेच घ्यावे. टिकतो तो मानीपणा. लोकांच्या नजरेतील आपली प्रतिमा भंगली की त्याला दुसरे काही दिसेनासे होते. सुरुवातीला दारूकडे नेणारी आणि शुद्धीत आल्यावर पश्चात्तापाने पोळून काढणारी वृत्ती एकच आहे. एनिअग्राममध्ये त्याला तीन क्रमांकात, म्हणजे यश आणि लोकांतील प्रतिमा यांवर जगणाऱ्या प्रकारात, बसवावे असे मला वाटते. चार अक्षरांत तो इतका स्वच्छ उतरत नाही. पद्धत पात्राप्रमाणे बदलली तर बिघडत नाही, फक्त बदलली हे वहीत नोंदवावे.

सुधाकराची पत्नी सिंधू हिच्या बाबतीत उलट अडचण येते. ती माहेरी न जाता नवऱ्याच्या घरी दळण दळून दिवस काढते, त्यावरून ती सोशीक, घरधार्जिणी, ‘आयएसएफजे’ असे सगळे एका सुरात म्हणतात. ऐरोलीहून येणाऱ्या एका महाविद्यालयीन सभासद मुलीने यावर विचारले की १९१९च्या नाटकातील पतिव्रतेला दुसरे काय करण्याची मुभा होती. ज्या कृतीला पर्यायच नव्हता ती स्वभावाचा पुरावा कशी ठरेल? तेव्हापासून सिंधूच्या पानावर आम्ही फक्त त्या जागा घेतो जेथे तिला थोडी तरी निवड होती, आणि ते पान बरेच लहान झाले आहे.

पात्राच्या वतीने ऑनलाइन चाचणी भरली तर चालेल का?

गंमत म्हणून भरावी. चाचणी विचारते, ‘तुम्हाला पार्टीत ताजेतवाने वाटते का?’ भीष्मांच्या वतीने याचे उत्तर कोण देणार? देणारा स्वतःच देतो. असाच दुसरा खेळ म्हणजे पात्राला सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभे करणे आणि ते लोकल पकडील, सोडील की भांडण काढील हे ठरवणे. आमच्याकडे हा खेळ फार रंगतो, परंतु त्यातील काहीही पुरावा म्हणून धरत नाहीत, कारण त्या फलाटावर आपण रोज स्वतः उभे असतो.

आपल्या परंपरेत पात्रांचे प्रकार नव्हते का?

होते, आणि फार बारकाईने केलेले होते. नाट्यशास्त्रात आणि पुढे दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकाचे चार प्रकार आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. राम धीरोदात्त, वत्सराज उदयन धीरललित, चारुदत्त धीरप्रशांत, परशुराम धीरोद्धत. चौघांतही ‘धीर’ समान आहे हे लक्षात घ्यावे. धैर्य नाही तो नायकच नाही. ही विभागणी नाटकाला कोणत्या जातीचा नायक हवा याची आहे, मनाच्या घडणीची नाही. त्यामुळे लेखनाला ती उपयोगी पडते, वाचनातील वाद मिटवायला पडत नाही.

समर्थांच्या ‘दासबोधा’तील दुसऱ्या दशकात मूर्ख आणि पढतमूर्ख यांची लक्षणे आहेत, तसेच सत्त्व, रज व तम या गुणांचीही. सभासदांना मी ती वाचायला सांगतो ती निष्कर्षासाठी नव्हे, निरीक्षणाची सवय लागावी म्हणून. समर्थ ‘मूर्ख हा अविचारी असतो’ एवढे म्हणून थांबत नाहीत, तो काय काय करतो त्याची यादी देतात. पहिला रकाना असाच भरायचा असतो.

ऐतिहासिक व्यक्तींवर बेतलेल्या पात्रांचे काय?

नाटकातील पात्राचा प्रकार ठरवावा, इतिहासातील व्यक्तीचा नव्हे, आणि बोलतानाही ‘नाटकातील अमुक’ असेच म्हणावे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लेखकाला किंवा नटाला या सगळ्याचा उपयोग होतो का?

लेखकाला मसुदा झाल्यावर होतो, आधी नाही. नटाला मी आता सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका हौशी संघाच्या एकांकिकेसाठी मी पात्रांचे प्रकार काढून दिले होते. बापाचे काम करणाऱ्या मुलाला सांगितले की हा माणूस ‘टी’ आहे, भावना दाखवणार नाही. त्याने ते शब्दशः घेतले. लेकीला नोकरीसाठी परगावी धाडतानाच्या प्रसंगात तो विजेच्या खांबासारखा उभा राहिला, आणि प्रेक्षागृहात खोकल्यांखेरीज काही ऐकू आले नाही. चूक माझी होती. दुसऱ्या प्रयोगाआधी प्रकाराचा कागद फाडला आणि त्याला इतकेच सांगितले की तू तिची बॅग उचलून वजन बघ, पट्टा एक घर आवळ, बाहेरच्या कप्प्यात छत्री आहे का ते चाचप, नाही म्हणून चिड, आणि स्वतःची छत्री कोंब. त्याने छत्री कोंबली तेव्हा तिसऱ्या रांगेतील एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पात्र दोन्ही वेळा ‘टी’च होते.

गटात एकमत झाले नाही तर काय करतात?

मतदान करत नाहीत. वहीत दोन्ही दावे प्रसंगांसह लिहितात आणि खाली तारीख टाकतात. पुढे कोणी नवा प्रसंग आणला तरच पान उघडतात. नुसता आवाज वाढवल्याबद्दल उघडत नाहीत.

एखाद्या पात्राचा प्रकार ठरतच नाही, असे होते का?

तळीरामाचे झाले आहे. त्याचे नाव मराठीत मद्यप्याचे सामान्यनाम होऊन बसले, त्याची वाक्ये लोकांना पाठ आहेत, आणि नाटकातील दारुड्यांच्या आर्य मदिरा मंडळाचा तो प्राण आहे. त्यामुळे वाटले होते की हे काम एका बैठकीत उरकेल. तीन झाल्या. ‘ई’ आणि ‘पी’ यांवर कोणाचेच दुमत नाही. मधल्या दोन अक्षरांसाठी मात्र त्याने काही गमावून केलेली निवड हवी, आणि गडकऱ्यांनी त्याला कोट्या, युक्तिवाद आणि हातात प्याला दिला आहे, निवडीचा क्षण आम्हांला अजून सापडलेला नाही. त्याच्या पानावर मधली दोन घरे रिकामी आहेत. कोणाला प्रवेश सापडल्यास दुसऱ्या शनिवारी घेऊन यावा. संहितेची प्रत सोबत असावी.